'फेल ऑफ', 'कमबॅक', 'वॉश्ड': रॅपरच्या पडत्या काळासाठी मराठीत नेमके शब्द कोणते?

प्रश्न

रॅपवर मराठीत लिहिताना एका ठिकाणी नेहमी अडखळायला होतं. एखाद्या रॅपरबद्दल चाहते इंग्रजीत 'फेल ऑफ' (म्हणजे घसरला) म्हणतात, काही वर्षांनी त्याच्याच नावापुढे 'कमबॅक' लागतं, आणि नवं काम पटलं नाही तर 'वॉश्ड' म्हणून त्याला निकालात काढतात. मराठीत 'अपयशी ठरला', 'पुनरागमन केले', 'कालबाह्य झाला' असं लिहिलं की बातमीचा मथळा वाचल्यासारखं वाटतं आणि अर्थही पुरता उतरत नाही. मुख्य शंका 'कमबॅक'बद्दल आहे. पुनरागमन हा शब्द त्यासाठी दर वेळी चालतो का?

उत्तर

दर वेळी चालत नाही. पुनरागमन म्हणजे गेलेला माणूस परत येणं. त्यासाठी तो आधी जावा लागतो. रॅपमध्ये बहुतेक वेळा रॅपर कुठेही गेलेला नसतो, त्याच्यावरून लोकांचं लक्ष गेलेलं असतं किंवा विश्वास उडालेला असतो.

या शब्दावरचा वाद रॅपमध्ये फार आधी झालेला आहे. एलएल कूल जे या अमेरिकी रॅपरचा 1989 चा अल्बम विकला गेला होता, पण प्रेमगीतं आणि सोन्याच्या साखळ्या यांत हा अडकला, याची धार गेली, असं चाहते बोलू लागले. 1990 मध्ये त्याने 'मामा सेड नॉक यू आउट' काढलं. त्या गाण्याची सुरुवातच अशी आहे की याला कमबॅक म्हणू नका, मी कित्येक वर्षं इथेच आहे. 1992 मध्ये त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. त्याची तक्रार भाषेच्या दृष्टीने अगदी रास्त होती. तो गैरहजर कधीच नव्हता, म्हणून त्याच्या बाबतीत 'पुनरागमन' लिहिणं चूक. मी लिहीन, 'कूल जेला पुन्हा सूर गवसला'. जोर दाखवायचा असेल तर 'त्याने मुसंडी मारली'.

याच्या उलट जे-झी. 2003 मध्ये 'द ब्लॅक अल्बम' काढून त्याने निवृत्ती जाहीर केली आणि 2006 मध्ये 'किंगडम कम' घेऊन तो परतला. हे शब्दशः पुनरागमन. पहिल्या आठवड्यात साधारण 6 लाख 80 हजार प्रती खपल्या. पण अल्बम अनेकांना फिका वाटला, आणि पुढे 2013 मध्ये स्वतःच्या अल्बमांची क्रमवारी लावताना जे-झीनेही तो सगळ्यात खाली ठेवला. म्हणजे पुनरागमन झालं, सूर काही गवसला नाही. बहुतेक चाहत्यांच्या मते तो 2007 च्या 'अमेरिकन गँगस्टर'मध्ये गवसला. इंग्रजीत या दोन्ही गोष्टी 'कमबॅक' या एका शब्दात कोंबल्या जातात. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवावेत.

प्रतिप्रश्न

मग क्रिकेटसारखं 'फॉर्म गेला', 'फॉर्म परत आला' का नको? सगळ्यांना कळतं, बोलण्यातही येतं.

उत्तर

कळतं, आणि बोलताना मीही म्हणतो. पण फॉर्म हा शब्द आपल्यासोबत धावफलकही घेऊन येतो. फलंदाज सलग पाच डावांत लवकर बाद झाला तर फॉर्म गेला यावर कोणाचं दुमत नसतं. रॅपरचा धावफलक कोणता, यावरच तर चाहत्यांची सगळी भांडणं चालतात.

नास या अमेरिकी रॅपरचं उदाहरण घ्या. 1994 चा 'इल्मॅटिक' आज रॅपमधल्या सर्वोत्तम अल्बमांत गणला जातो. 'द सोर्स' मासिकाने त्याला पाच माईक दिले होते, म्हणजे पैकीच्या पैकी. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या खपाच्या यादीत मात्र तो 12व्या क्रमांकावर उतरला. 1996 चा 'इट वॉज रिटन' थेट पहिल्या क्रमांकावर गेला, कितीतरी जास्त खपला, आणि नेमकं त्याच वेळी 'नास घसरला, बाजारू झाला' ही कुजबुज सुरू झाली. खप वाढत असताना माणूस घसरला असं म्हटलं जात होतं. (आज तोच अल्बम आवडीने ऐकणारे पुष्कळ आहेत. मला स्वतःला तो तेव्हाच्या निंदेपेक्षा खूपच चांगला वाटतो.) इथे 'फॉर्म गेला' लिहिलं तर वाचकाला वाटेल की आकडे पडले, आणि तसं तर घडलंच नव्हतं.

1999 चा 'नास्ट्राडेमस' मात्र खरोखर कमकुवत होता. 2001 मध्ये जे-झीने 'टेकओव्हर' या गाण्यात टोला हाणला की दहा वर्षांत एक दमदार अल्बम, ही याची सरासरी. हा हिशेब मांडतानाही त्याला आकड्यांचीच भाषा सुचली. नासने त्याच वर्षी 'ईथर' या गाण्यातून उत्तर दिलं आणि 'स्टिलमॅटिक' हा अल्बम काढला. मराठीत इथे 'नासने जे-झीला धुतला' हे चपखल बसतं. त्यावरून एक इशारा: 'वॉश्ड'चं भाषांतर 'धुतलेला' असं कधीही करू नका. मराठीत धुणं हे समोरच्याला बदडणं आहे, अर्थ पार उलटा होतो.

आणखी एक मत

'वॉश्ड'ला 'संपला' हा शब्द आपोआप येतो. 'तो आता संपला' यात हवा तेवढा कठोरपणा आहे.

त्यावर उत्तर

कठोरपणा आहे, पण त्यात निकाल देणारा माणूस दिसत नाही, जणू संपण्याचं काम त्याचं त्याने केलं. माझी पसंती 'मोडीत काढला' याला. मोडीत कोणीतरी काढतं. वाक्यात लगेच चाहते येऊन उभे राहतात: 'नासला चाहत्यांनी मोडीत काढलं होतं.' आणि हे खरंही होतं. 2018 च्या 'नासिर'नंतर अनेकांनी त्याला मोडीत काढलं. मग 2020 मध्ये हिट-बॉय या निर्मात्याबरोबर 'किंग्ज डिसीज' आला, 2021 मध्ये त्याला त्याच्या आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळालं, आणि 2023 पर्यंत दोघांनी मिळून सहा अल्बम केले. चाळिशीच्या उत्तरार्धात त्याची वाक्यं पुन्हा नेटकी झाली. तो संपलेला नव्हता, लोकांनी संपवलेला होता, आणि कर्त्याचा हा फरक मराठी क्रियापद फार सहज दाखवतं.

'फेल ऑफ'साठीही एकच शब्द शोधू नये असं मला वाटतं. आधी विचारावं, नेमकं काय पडलं? अल्बम बाजारात चालला नाही तर 'अल्बम पडला' किंवा 'आपटला'. नाटक पडतं, सिनेमा आपटतो, तसंच, आणि यात कलाकार पडला असं आपण म्हणत नाही, हे या वापराचं मोठं सौजन्य आहे. लेखणी किंवा आवाज कमजोर झाला असेल तर 'धार गेली', 'कस उरला नाही'. आणि काम बरं असूनही श्रोते दुसरीकडे वळले तर 'लोकप्रियता ओसरली'. ओसरणं यात दोष कोणाचाच नसतो.

शंका

'फ्लॉप'चं काय? तो तर मराठीच झाला आहे.

उत्तर

झाला आहे, वापरावा. मात्र आकडा पाहून वापरावा. 11 सप्टेंबर 2007 रोजी कान्ये वेस्टचा 'ग्रॅज्युएशन' आणि फिफ्टी सेंटचा 'कर्टिस' एकाच दिवशी आले. पहिल्या आठवड्यात कान्येच्या साधारण 9 लाख 57 हजार प्रती गेल्या, फिफ्टीच्या 6 लाख 91 हजार. आपण हरलो तर एकल अल्बम काढणं सोडू, असं फिफ्टी आधी बोलून बसला होता. त्यामुळे जवळजवळ सात लाख प्रती हा पराभव ठरला, आणि अनेकांच्या बोलण्यात 'कर्टिस' आजही फ्लॉप आहे. तो फ्लॉप नव्हता. 'मागे पडला' हे त्याचं अचूक वर्णन.

पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर माणसाची पत ठरवायची सवयही मुळात नवी आहे. 1991 पर्यंत बिलबोर्डची यादी दुकानदारांनी कळवलेल्या माहितीवर बने. त्या वर्षी बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला सुरुवात झाली आणि आठवड्याचा नेमका आकडा चाहत्यांच्या हाती आला. 2014 च्या अखेरीस स्ट्रीमिंगही त्यात धरलं गेलं. 1500 वेळा गाणी वाजली की एक अल्बम, असा तेव्हाचा हिशेब होता. तेव्हा 2003 चा आकडा आणि 2018 चा आकडा शेजारी ठेवून 'बघा, किती घसरला' असं लिहिणं म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजणं.

एक विनंतीवजा सूचना

आजारपण, तुरुंगवास, करारातली अडकाअडकी यांना 'फ्लॉप' किंवा 'घसरण' म्हणू नये. हनी सिंग गायब झाला तेव्हा त्याच्याविषयी वाटेल ते बोललं गेलं, आणि 2016 मध्ये त्याने आपल्याला बायपोलर डिसऑर्डर असल्याचं स्वतः सांगितलं.

त्याला दुजोरा

पूर्ण सहमत. अशा वेळी 'खंड पडला' म्हणावं. लिल वेनचा 'द कार्टर फाइव्ह' 2014 मध्ये येणार होता. कॅश मनी या कंपनीशी झालेल्या वादात तो सप्टेंबर 2018 पर्यंत रखडला, आणि ती सगळी वर्षं चाहत्यांनी त्याच्या पडत्या काळात जमा केली. 'रखडला' हा इतका सोपा, सगळ्यांच्या तोंडातला शब्द असताना 'घसरला' का लिहायचं?

एमिनेमच्या बाबतीत तर दोन्ही गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत. 2004 च्या 'एन्कोर'मध्ये धार खरोखर गेली होती. त्यानंतरचा खंड वेगळा. गोळ्यांचं व्यसन, 2006 मध्ये जिवलग मित्र प्रूफचा गोळीबारात मृत्यू, 2007 च्या अखेरीस मेथाडोनच्या अतिसेवनाने जिवावर बेतलेलं दुखणं. 2009 चा 'रिलॅप्स' हे पुनरागमन होतं. त्याला 2010 चं ग्रॅमीही मिळालं. तरी लोक नाराज होते, आणि 'नॉट अफ्रेड' या गाण्यात एमिनेमने स्वतःच कबूल केलं की तो अल्बम यथातथाच होता. मग 2010 च्या 'रिकव्हरी'ला सगळ्यांनी 'कमबॅक' म्हटलं, तेव्हा परत येऊन त्याला एक वर्ष झालेलं होतं! मी तिथे 'सावरला' लिहीन. व्यसनातून आणि पडत्या कामातून एकाच वेळी वर येणं या एका क्रियापदात मावतं. गंमत म्हणजे आता 'रिलॅप्स'च जास्त धाडसी होता असं म्हणणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि मीही त्यांच्यातलाच. गायकाने स्वतः दिलेला निकालही अखेरचा नसतो.

शेवटची शंका

मग एमिनेमच्याच 'कामिकाझे'ला काय म्हणाल? डिसेंबर 2017 मध्ये 'रिव्हायव्हल'ची छी-थू झाली, आणि 31 ऑगस्ट 2018 ला काही न सांगता 'कामिकाझे' आला, पहिल्या क्रमांकावर गेला. पुनरागमन नव्हे, एवढं कळलं.

उत्तर

'उसळी' म्हणेन. मधे नऊ महिनेही गेले नव्हते, त्यामुळे परतण्याचा प्रश्नच नाही. 'सूर गवसला' म्हणायला मन धजत नाही, कारण अल्बमचा मोठा भाग टीकाकारांचा समाचार घेण्यातच जातो आणि तो राग संपल्यावर फारसं काही हाती लागत नाही. पण जिभेचा वेग, शब्दांवरची पकड आणि चिडलेला आवाज, हे सगळं 'रिव्हायव्हल'पेक्षा कितीतरी जिवंत आहे. खाली आपटल्यावर त्याच जोराने वर येणं, तेवढंच त्यात आहे, आणि 'उसळी' तेवढंच सांगते.