नागोयाचा सिमेंटचा किल्ला पाडून लाकडाचा बांधावा का?

खडूफळा (धागाकर्ता):
आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमधल्या नागोया शहराच्या मधोमध तोकुगावा इएयासू या लष्करी सत्ताधीशाने बांधवून घेतलेला किल्ला आहे, त्याचा तेनशू, म्हणजे मधला उंच मजली मनोरा, १६१२ चा. १४ मे १९४५ च्या सकाळी अमेरिकन विमानांनी आगलावे बॉम्ब टाकले आणि तेनशू आणि शेजारचा होनमारू राजवाडा दोन्ही जळाले. छपरावरचे सोन्याने मढवलेले मासे सुरक्षित जागी हलवायचे म्हणून लाकडी परांची बांधली होती, तिच्यातच बॉम्ब अडकून आग धरली असं सांगतात. म्हणजे वाचवायला गेले आणि तेच नडलं. १९५९ मध्ये तेनशू पुन्हा उभा राहिला पण आरसीसीचा, आत लिफ्ट, वर मूळच्यापेक्षा मोठ्या खिडक्या. भूकंपात टिकणार नाही म्हणून मे २०१८ पासून तो बंद आहे आणि पाडून जसाच्या तसा लाकडी बांधायचा पालिकेचा प्लॅन आहे, अंदाज ५०५० कोटी येन.

माझं मत स्पष्ट आहे, पाडा. १९३० च्या दशकात शहराने इंच न् इंच मोजून तीनशेवर नकाशे काढून ठेवलेत, काचेच्या प्लेटवरचे फोटो आहेत. जगात कुठल्या जळालेल्या इमारतीचं एवढं रेकॉर्ड असतं? एवढं सगळं हातात असताना सिमेंटचा पुतळा कशाला जपायचा. बाहेरून किल्ला आणि आत म्युझियमचं ऑफिस, याला किल्ला म्हणायचं का?

कौलारू:
सहमत. ओसाकाचा सिमेंटचा किल्ला बघून आलेले सगळे हेच सांगतात, फोटो मस्त येतो, आत गेलं की मॉल.

बिनपगारी:
असहमत, आणि जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

खडूफळा, तुम्ही १९५९ वर एका वाक्यात उडी मारून पुढे गेलात, पण सगळी गोम तिथेच आहे. शहर जळून चौदा वर्षं झाली होती, आणि बांधायला लागलेल्या पैशातला मोठा वाटा लोकांनी वर्गणी काढून दिला. ज्यांची स्वतःची घरं गेली होती त्यांनी. २६ सप्टेंबर १९५९ ला इसेच्या आखातावरून चक्रीवादळ आलं, पाच हजारांच्या आसपास माणसं मेली, नागोयाचा दक्षिण भाग आठवडेच्या आठवडे पाण्यात होता, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला हा तेनशू लोकांना खुला झाला. ही वास्तू खोटी? मग खरी कुठली, १६१२ ची, जी एका सरदाराने बाकीच्या सरदारांना हुकूम सोडून त्यांच्या खर्चाने बांधवून घेतली?

आणि सिमेंट काय हौस म्हणून नव्हतं वापरलं. लोकांनी लाकडाची शहरं एकेका रात्रीत राख होताना पाहिली होती. १९५० च्या बांधकाम कायद्याने ठराविक उंचीच्या वरची लाकडी इमारत बांधायलाच बंदी घातली होती. "परत जळणार नाही" ही त्या वेळची मागणी होती आणि ती इमारतीत दिसते. माझ्या लेखी युद्धाचं स्मारक म्हणून १९५९ चा सिमेंटचा तेनशू त्या जागी जास्त प्रामाणिक आहे. लाकडी बांधलात तर १९४५ घडलंच नाही असं दिसेल.

खडूफळा:
म्हणजे जखम झाली म्हणून पट्टी आयुष्यभर ठेवायची?

बिनपगारी:
पट्टीला साठ वर्षं झाली की ती कातडीच होते साहेब.

शाईपेन:
दोघांनाही एक सांगायचंय, जपानच्या बाबतीत "मूळ" हा प्रश्न आपण फार युरोपियन डोक्याने विचारतो. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नवं बांधतात, शेजारच्या रिकाम्या जागेवर, सगळं लाकूड नवं. १९४९ ची पाळी युद्ध हरल्यामुळे पुढे ढकलावी लागली आणि १९५३ ला झाली, पण झाली. १९९४ ला नारा शहरात जागतिक वारसावाल्यांची परिषद भरली ती याच मुद्द्यावर, अस्सलपणा फक्त जुन्या दगडविटेत नसतो, कारागिरी आणि परंपरेतही असतो, हे तिथे मान्य झालं. त्या हिशेबाने लाकडी तेनशू खरा आणि सिमेंटचा खोटा, सिंपल.

बिनपगारी:
इसेचं उदाहरण प्रत्येक वेळी येतं आणि प्रत्येक वेळी चुकीच्या जागी येतं. इसेला सुतारांची पिढी पुढच्या पिढीला शिकवते, मध्ये खंड पडला तरी हात जिवंत असतात. नागोयाचा तेनशू कोणी वीस वर्षांनी बांधत नव्हतं, तो ३३३ वर्षं एकच होता आणि एका सकाळी गेला. इसेचं लॉजिक लावायचं तर मग ओसाकाचं शितेन्नोजी देऊळ घ्या. तिथला पाच मजली पॅगोडा १९३४ च्या वादळात पडला, १९४० ला लाकडाचा परत बांधला, मार्च १९४५ ला जळला. पाच वर्षं टिकला! त्यानंतर भिक्खूंनी सरळ सिमेंट घेतलं, १९६३ ला आख्खं आवार त्यातच उभं केलं, आणि लोक तिथे दर्शनाला जातात, कोणी "हे खोटं देऊळ" म्हणत नाही.

कौलारू:
देऊळ वेगळं आणि किल्ला वेगळा. देवळात देव आहे म्हणून चालतं. किल्ल्यात इमारतच देव आहे.

शाईपेन:
+१, मार्मिक.

बिनपगारी:
मार्मिक आहे, पण पटत नाही. तोक्योच्या आसाकुसा भागातलं सेन्सोजी देऊळ बघा. १६४९ चं मुख्य मंदिर, १९२३ च्या भूकंपातून वाचलं होतं, म्हणून १० मार्च १९४५ च्या रात्री लोक तिथली करुणेची देवता कान्नोन वाचवेल या भरवशावर आवारात धावले, आणि मंदिरच पेटलं. त्या एका रात्रीत तोक्योत लाखभर माणसं गेली. १९५८ ला मंदिर सिमेंटचं बांधलं, आता छपरावर टायटॅनियमची कौलं आहेत कारण हलकी असतात आणि भूकंपात खाली बसणाऱ्यांच्या डोक्यात पडू नयेत. आवारातल्या एका गिंको झाडाच्या खोडावर जळल्याची खूण अजून आहे. इमारत नवी, झाड जुनं. मला हेच जास्त पटतं, जे गेलं ते गेलं असं सांगणारं.

खडूफळा:
त्याच १९५८ ला तोक्योतलंच मेइजी मंदिर पण परत बांधलं, एप्रिल १९४५ मध्ये जळालेलं, आणि ते लाकडाचंच बांधलं. तेव्हा "काळाची मागणी सिमेंट" वगैरे सरसकट नव्हतं. ज्यांना लाकूड हवं होतं त्यांनी मिळवलं.

बिनपगारी:
मेइजी मंदिर बुटकं आहे, नागोयाचा तेनशू पायथ्यापासून पन्नास मीटरच्या आसपास. फरक पडतो.

नागोयात_पडीक:
इथे राहून वाचतोय, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे तेनशूवरच भांडताय पण शेजारचा होनमारू राजवाडा कोणी काढलाच नाही. तोही त्याच दिवशी जळाला, आणि २००९ ते २०१८ मध्ये पूर्ण लाकडी बांधून झाला, त्याच नकाशांवरून. आत शिरताना बूट काढायचे, सॅक पाठीवर नको पोटावर घ्या म्हणतात कारण मागे वळताना भिंतीला घासते. हिनोकीच्या, म्हणजे जपानी सायप्रसच्या, लाकडाचा वास अजून येतो. पहिल्याच दालनात सोन्याच्या वर्खावर वाघ आणि बिबटे रंगवलेत, त्या काळच्या चितारींनी वाघ पाहिलेला नव्हता, कातडी बघून काढायचे आणि बिबट्या म्हणजे वाघाची मादी समजायचे, त्यामुळे एक विचित्र संसार दिसतो भिंतीवर. बरीच मूळ चित्रं जळाली नाहीत, कारण सरकणाऱ्या दारांवरची चित्रं हल्ल्याआधी काढून दुसरीकडे ठेवली होती, हजारावर पॅनेल वाचलीत. राजवाड्यात लावल्यात त्या प्रती, आणि त्या इतक्या चकचकीत आहेत की आधी डोळ्याला खुपतात. पण ४०० वर्षांपूर्वी ते असंच चकचकीत होतं ना. जुनं म्हणजे मळकट ही आपलीच सवय.

तर माझं मत, राजवाड्याला लाकूड शोभलं कारण तिथे मधल्या काळात काही नव्हतं, नुसते जोत्याचे दगड होते. तेनशूच्या जागी एक इमारत उभी आहे, तीही इथल्या लोकांनी बांधलेली. इथले साठीच्या पुढचे लोक शाळेच्या सहलीला त्या सिमेंटच्या तेनशूवर चढलेत. ऑफिसातल्या एका सिनियर बाईंना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, मला लाकडी आठवतच नाही, माझा किल्ला हाच.

खडूफळा:
आठवणींवर वारसा ठरवायचा तर पुढच्या पिढीच्या आठवणीत लाकडी जाईल की. भूकंपाचं काय करणार? मजबुतीकरण करून अजून ४० वर्षं, मग परत हाच प्रश्न. लाकूड नीट राखलं तर शेकडो वर्षं जातं, नाराजवळचं होर्युजी देऊळ तेराशे वर्षं उभं आहे.

कौलारू:
होर्युजीच्या मुख्य मंदिरातली भित्तिचित्रं १९४९ ला जळाली, तीही युद्ध संपल्यावर, दुरुस्ती चालू असताना. त्यानंतर तर त्यांनी वारसा संरक्षणाचा कायदा केला. लाकूड जातं शेकडो वर्षं, जोवर आग लागत नाही तोवर :)

बिनपगारी:
शुरी कोणी आठवणार की मीच लिहू? ओकिनावाचा राजवाडा, रयुक्यू राज्याचा. जपानी लष्कराने त्याच्या पोटात बोगदे खणून ३२ व्या सैन्याचं मुख्यालय केलं, म्हणून १९४५ च्या मे मध्ये अमेरिकन तोफांनी वरचं सगळं सपाट केलं. त्या ढिगाऱ्यावर विद्यापीठ बांधलं. ते हलवून १९९२ ला मुख्य इमारत लाकडात परत उभी केली, सुंदर, लाल. ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे जळून गेली, आत स्प्रिंकलर नव्हते. आता परत बांधताहेत, २०२६ च्या शरदात पूर्ण करायचं ठरलंय. ओकिनावाच्या लोकांना ते हवंय आणि त्यांना मी एक शब्द बोलणार नाही, कारण तिथे एका वेगळ्या राज्याची ओळखच पुसली गेली होती. पण बोगद्यांबद्दल पर्यटकाला किती कळतं? लाल छप्पर बघून लोक परत जातात.

शाईपेन:
हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, लाकूड-सिमेंटपेक्षा. किल्ले का जळाले? कारण मेइजी काळापासून, म्हणजे १८६८ नंतर, त्यांच्यात लष्कर बसलं होतं. हिरोशिमाच्या किल्ल्यात १८९४ च्या चीन युद्धात सम्राटाचं मुख्यालय होतं, १९४५ ला पण तिथे सैन्याचं ठाणं होतं, अणुबॉम्बच्या धक्क्याने तेनशू कोसळला. १९५८ ला परत बांधला तो शहराच्या पुनर्बांधणीच्या प्रदर्शनासाठी, आणि आत सामुराईंच्या तलवारी. ओसाकाचं तर अजून मजेशीर आहे, १९३१ च्या किल्ल्यासाठी लोकांनी १५ लाख येन वर्गणी दिली, त्यातले ८ लाख लष्कराच्या मुख्यालयाला गेले आणि तेनशूला ४ लाख ७० हजार. वर्गणीचं फार कौतुक नको बिनपगारी.

बिनपगारी:
ते १९३१ होतं, मी १९५९ चं बोलतोय. तेव्हा लष्कर नव्हतं.

कौलारू:
जाता जाता, आपल्याकडे रायगडाचं काय? १८१८ ला इंग्रजांच्या तोफांनी राजवाडा जळाला, जोती उरली. तिथे लाकडी वाडे परत उभे करा म्हणणारे आहेतच.

खडूफळा:
रायगड यात आणू नका, धागा भरकटेल. तिथल्या लाकूडकामाचे मोजमापाचे नकाशे कुठेत? नागोयाची केस वेगळी आहे ती नकाशांमुळे. अंदाजाने बांधायच्या मी पण विरोधात आहे. फुकुयामाचा तेनशू १९६६ ला बांधला तेव्हा बाहेरचे तपशील पण मनाने ठरवले आणि २०२२ ला उत्तरेच्या बाजूला मूळच्यासारखे लोखंडी पत्रे परत लावावे लागले.

जिना_नको:
एवढी चर्चा वाचली, लिफ्टवर एक ओळ? लाकडी तेनशू "जसाच्या तसा" म्हणजे आत उभे जिने, जवळजवळ शिडीच. १९५९ च्या इमारतीत व्हीलचेअर लिफ्टने वर जात होती. म्हणजे आधी जे जमत होतं ते नव्या इमारतीत जमणार नाही आणि त्याला आपण अस्सल म्हणायचं. २०२३ ला पालिकेच्या चर्चासत्रात लिफ्ट मागणाऱ्या अपंग माणसाला लोकांनी भर सभेत वाट्टेल ते बोललं, मेयरना माफी मागावी लागली. माझे वडील व्हीलचेअरवर असतात म्हणून मला हा मुद्दा दुय्यम वाटत नाही.

खडूफळा:
मान्य की लोक वाईट बोलले. पण लिफ्टचा खड्डा काढायला तुळया कापाव्या लागतात, मग नकाशांचा उपयोग काय? हिमेजीच्या किल्ल्यात पण लिफ्ट नाही.

जिना_नको:
हिमेजी मूळ आहे. जुलै १९४५ ला शहर जळालं आणि वरच्या मजल्यावर पडलेला बॉम्ब फुटलाच नाही म्हणून वाचलेला. तिथे तुळई कापायला मीही नाही म्हणेन. तुम्ही २१ व्या शतकात नवी सरकारी इमारत बांधताय, सरकारी पैशाने. तुळई कापायची नाहीये, आधीच तेवढी जागा सोडायची आहे.

शाईपेन:
हे पटलं. कागदावरचं लाकूड अजून कापलेलंच नाही.

खडूफळा:
मला पटलं नाही. मग तो होर्युजीच्या जातकुळीचा राहत नाही, १९५९ चाच लाकडी भाऊ होतो.

नागोयात_पडीक:
तोवर परिस्थिती सांगतो. २०२२ ला पूर्ण करायचा म्हणाले होते, ती तारीख केव्हाच गेली. तटाच्या दगडांचं काम आधी नीट दाखवा म्हणून सांस्कृतिक खात्याची परवानगी अडकली, मेयर पण बदलले. तिकीट काढून आत या, राजवाडा बघा, तेनशू खालूनच बघायचा. १९४५ ला न जळालेले तीन कोपऱ्यांचे बुरूज आहेत, खरे, १६१२ च्या आसपासचे, त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. वायव्येचा खंदकापलीकडून छान दिसतो.