पुनीत राजकुमारला दानशूर म्हणायचं ते नक्की कशासाठी?

कृष्णाकाठ:
कन्नड सिनेमाचा हिरो पुनीत राजकुमार, लाडाने अप्पू, २९ ऑक्टोबर २०२१ ला गेला, वय अवघं ४६. तेव्हापासून दरवर्षी ऑक्टोबर आला की आमच्या ग्रुपवर तोच मेसेज, की तो ४५ शाळा, २६ अनाथाश्रम, १६ वृद्धाश्रम आणि १८०० मुलांचं शिक्षण चालवायचा. मला अप्पूबद्दल मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे वाचून त्रास होतो. एकाही शाळेचं नाव नाही, गाव नाही. जे खरंच केलं ते का नाही सांगत? मैसूरच्या शक्तिधाम या आधारगृहातल्या निराधार बायका-मुलींच्या पाठीशी त्याचं अख्खं कुटुंब उभं राहिलं, नंदिनी दुधाची जाहिरात वडिलांसारखीच एक पैसा न घेता केली, आणि गेल्यावर डोळे दिले. एवढं पुरेसं नाही का?

बेळगावी_कुंदा:
पुरावा मागायची ही वेळ आहे का? माणूस गाजावाजा न करता देत होता, उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देत नव्हता, मग पावत्या कुठनं आणायच्या? तमिळ हिरो विशालने भर कार्यक्रमात सांगितलं ना की त्या १८०० मुलांचा खर्च एक वर्ष मी बघतो म्हणून. तो काय उगाच बोलला? आमच्याकडे बेळगावात मराठी पोरांनीसुद्धा त्याचे बॅनर लावले होते, भाषेचा वाद बाजूला ठेवून.

स्पष्टवक्ता:
विशालचं मन मोठं आहे, पण तो बोलला म्हणून आकडा सिद्ध होत नाही. आणि माझा मूळ मुद्दा वेगळाच आहे. कोविडमध्ये ५० लाख मुख्यमंत्री निधीला दिले, चांगलं केलं, पण स्टारच्या कमाईत ते कितीसे? तेव्हा गावोगाव दारोदार फिरणाऱ्या आशाताईंचा फोटो कुणी भिंतीवर लावला? अभिनयासाठी माना, डान्ससाठी माना, देव कशाला करता.

रातराणी:
@स्पष्टवक्ता पैशाचं राहू दे, डोळ्यांचं बोल. नारायण नेत्रालयात दुसऱ्याच दिवशी चौघांवर शस्त्रक्रिया झाली. दोन डोळे आणि चौघं कसे, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, त्याचे पुढचा आणि मागचा असे दोन थर वेगळे केले, ज्याचा पुढचा भाग खराब त्याला पुढचा, ज्याचा आतला खराब त्याला आतला. वडील डॉ. राजकुमारांनी १९९४ मध्ये नेत्रपेढी सुरू झाली तेव्हाच घरातल्या सगळ्यांचे डोळे देणार म्हणून सांगितलं होतं. २००६ ला ते गेले तेव्हा त्यांचे दिले, २०१७ ला आईचे, मग मुलाचे. दिलेला शब्द तीनदा पाळणारं घर आहे हे. आणि अप्पूनंतर कर्नाटकात नेत्रदानाचे फॉर्म भरायला लोकांची रीघ लागली, ते कुठल्या सरकारी जाहिरातीने झालं असतं सांग.

स्पष्टवक्ता:
डोळ्यांचं मान्य, शंभर टक्के. पण फॉर्म भरणं सोपं आहे हो. माणूस जातो तेव्हा घरचे रडण्यात असतात, फोन करायचं कुणाला सुचतं?

कृष्णाकाठ:
म्हणूनच तर मी म्हणतोय की ते खोटे-खरे आकडे फिरवण्यापेक्षा हे फिरवा. सासरे गेले तेव्हा आम्ही पेढीला फोन केला, त्यांनी फोनवरच सांगितलं की पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. टीम घरी आली, वीसेक मिनिटांत काम झालं, चेहरा जसाच्या तसा. फॉर्म भरलेलाच नव्हता, घरच्यांची संमती चालते. त्यांना शुगर होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी चाललं. फक्त सहा तासांच्या आत व्हायला पाहिजे.

बेळगावी_कुंदा:
हे सहा तासांचं माहीत नव्हतं. मेसेजमध्ये मी हे घालते. पण १८०० चा आकडा काढणार नाही, माझा विश्वास आहे त्याच्यावर.

कृष्णाकाठ:
मग निदान एका तरी शाळेचं नाव शोधून घाल, मी स्वतः जाऊन बघून येतो.