मदत हवी आहे: पडून राहिलेला लाइव्ह रॉक आणि वाळू पुन्हा वापरता येईल का? (पुणे)

मंडळी,

मामेभावाची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्याकडे आली आहे. तो बंगळूरला गेल्यापासून सगळा पसारा सिंहगड रोडच्या फ्लॅटवर पडून होता. मामी म्हणाल्या, नेतेस का भंगारवाल्याला देऊ? मग आणली. टाकी तीन फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ भरली तर १९० लिटर. काच आणि सम्प (टाकीखालची फिल्टरची टाकी) ठीक आहेत, अडचण आतल्या मालाची, म्हणजे वाळूची आणि लाइव्ह रॉकची (जिवाणू आणि समुद्री जीव वसलेले दगड) आहे.

काही दगड निळ्या ड्रमात खाऱ्या पाण्यात आहेत. पंप कधीचाच बंद पडलाय, पाणी काळपट झालंय, पण दोन-तीन दगडांवर जांभळा थर अजून दिसतो. बाकीचे दगड क्रेटमध्ये गच्चीवर होते. ऊन-पाऊस खाऊन कोरडे ठक्क झालेत, काहींवर चामड्यासारखी तपकिरी साल चिकटली आहे. वाळू गोणीत, खालून ओली. गोणी सोडली तर नासक्या अंड्यांचा वास आणि आत काळे पट्टे.

ड्रमातले दगड जिवंत समजून जपायचे, की सगळंच ब्लीच करून शून्यापासून सुरुवात करायची? साल उकळत्या पाण्याने निघेल का? आणि वाळू? नव्या अरॅगोनाइट (चुनखडीच्या) वाळूचा भाव ऐकून टाकवत नाहीये.

पाणी महापालिकेचं, उन्हाळ्यात सोसायटी टँकरही मागवते. घरच्या आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ४० दाखवतो. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळलेत, खाऱ्यात नवखी आहे.

---

खारेपाणी

ताई, आधी उकळायचं डोक्यातून काढा. ती तपकिरी साल झोआन्थिड किंवा पॅलिथोआची (प्रवाळासारखे मऊ जीव) असू शकते. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, ते वाळून किंवा उकळून जात नाही आणि वाफेबरोबर फुप्फुसात जातं. परदेशात असे दगड घरात उकळून अख्खी कुटुंबं दवाखान्यात पोचली आहेत. कोरडा ब्रशही मारू नका, धूळ उडते. हातमोजे, चष्मा, मास्क लावून आधी बादलीत भिजवा, मग साल पाण्याखालीच खरवडा. ते पाणी हातापायावर, डोळ्यांत उडू देऊ नका.

आता मुद्द्याचं. टाकी चालू असताना भावाने माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर औषध म्हणून मोरचूद किंवा तांब्याचं दुसरं काही टाकलं होतं का? चुनखडीचा दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर थोडं थोडं सोडतात. माशांना ते सोसतं, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ मरतात. याचं उत्तर मिळेपर्यंत बाकी कशावर खर्च करू नका.

---

धागाकर्ती

उकळत नाही! भावाला फोन केला. तो म्हणतो, "एकदा निळं औषध टाकलं होतं." नाव आठवत नाही, बाटली केव्हाच गेली.

---

खारेपाणी

निळं म्हणजे मिथिलिन ब्लूही असू शकतं, त्यात तांबं नसतं. पण अंदाजावर जाऊ नका. दोन-तीन दगड आणि मूठभर वाळू ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत आठवडाभर ठेवा आणि कॉपर टेस्ट किटने बघा. तांबं निघालं तर हे दगड फक्त माशांच्या टाकीत वापरा, प्रवाळाचा नाद सोडा.

तांबं नसेल तर दगडांचे दोन गट करा. जांभळा थर असलेले ओले दगड ब्लीच करू नका. सडलेलं पाणी फेका, दगड नव्या खाऱ्या पाण्यात हलवून धुवा आणि स्वच्छ ड्रममध्ये ठेवा. विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५, तापमान २५-२६ अंश, आत जोरदार पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), आणि अंधार, नाहीतर शेवाळ माजेल. अमोनिया वाढेल, ते अपेक्षितच आहे. २-३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २-३ भाग) वर गेला की पाणी बदला. १०० लिटर पाण्याला साधारण साडेतीन किलो मरीन सॉल्ट लागतं, तेव्हा ड्रम दगड जेमतेम बुडतील एवढाच घ्या. खडेमिठाने भागवू नका, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारता पुरेशी नसते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले की क्युअरिंग (दगड टाकीसाठी तयार करणं) झालं. त्याला काही आठवडे सहज लागतात.

कोरडे दगड मात्र मेलेलेच धरा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जिवाणू ओल्या दगडांवरून त्यांच्यावर येतीलच. खरी पंचाईत छिद्रांत वाळून बसलेल्या घाणीची आहे.

आणि टीडीएस ४० चालणार नाही. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून शून्यावर आणा. टँकरच्या पाण्यात काय असेल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं.

---

रसायनी

कोरड्या दगडांसाठी: साल काढून झाल्यावर बिनवासाचं साधं ब्लीच, एक भाग ब्लीच दहा भाग पाणी, एक-दोन दिवस. मग भरपूर धुवा, अँटिक्लोरीनच्या पाण्यात बुडवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. एप्रिल-मेमधल्या पुण्याच्या गच्चीसारखी सोय नाही, पावसाळ्यात हा उद्योग करू नका.

लोक म्युरिॲटिक ॲसिडही सुचवतील. त्याने वरचा थर विरघळतो, फॉस्फेटही (शेवाळाचं खाद्य) थोडं जातं, पण घरात लहान मुलं असतील तर मी सांगणार नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी, एकाच बादलीत तर अजिबातच नाही.

ब्लीचने सेंद्रिय घाण जाते, दगडात मुरलेलं फॉस्फेट जात नाही. धुतलेले दगड खाऱ्या पाण्यात ठेवून फॉस्फेट तपासा. पाणी बदलल्यावरही आकडा पुन्हा वर येत असेल तर दगड सोडतोय. मग ते शोषून घ्यायला फेरिक ऑक्साइडचे दाणे किंवा लँथॅनम क्लोराइड वापरा. ०.१ पीपीएमच्या खाली टिकलं की टाकीत घ्या.

---

कोकणस्थ_कालवं

जरा वेगळं. त्या ढिगात खऱ्या प्रवाळाचे सांगाडे असतील तर विकायला काढू नका. पाषाणी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. आपल्या समुद्रातून दगड उचलून आणायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. आणि कोकणातल्या काळ्या वाळूच्या फंदात पडू नका, तिच्यात लोहखनिज असतं.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कॉपर किट मुंबईहून मागवलंय. ओले दगड आजच वेगळे काढते. वाळूबद्दल मात्र कोणीच ठाम बोललं नाही, की मौन म्हणजे "टाका"?

---

खारेपाणी

बहुतेक मौन म्हणजे "टाका"च. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, माशांना विषारी. गोणी घरात उघडू नका, गच्चीवरच. वाचवायचीच असेल तर आधी चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर कार्बोनेट आहे, धुण्यात अर्थ आहे. नाही आला तर सिलिका असेल, मग भाव आठवून रडू नका. फेस येत असेल तर थोडी थोडी बादलीत घेऊन, पाणी नितळ होईपर्यंत धुवा, ब्लीच करा, वाळवा. सगळी धुवायला पाणी फार लागतं, तुमच्याकडे टँकर येतो म्हणालात म्हणून सांगतो, नुसता तळ झाकेल एवढी दोन-तीन सेंटिमीटर थराची वाळूच धुवा.

---

कर्वेनगरचा_क्लाउनफिश

उरलेली टाकून देणार असाल आणि त्यात तांबं नसेल, तर मला कळवा. गोणी मी येऊन नेतो.