मदत हवी आहे : क्रिप्टोमोनास की युग्लीना? पेशी फुटतात

पाणकणीस : सूक्ष्मदर्शकाखाली तळ्याच्या पाण्यात तपकिरी-हिरव्या पेशी पळतायत, क्रिप्टोमोनास किंवा युग्लीना यांपैकी एखादा एकपेशी जीव असावा. पुढे दोन कशाभिका (पोहायचे चाबकासारखे धागे) असाव्यात. फोकस जमेपर्यंत पेशी फुटते, फिक्स केली (रसायनाने मारून टिकवली) की वेडीवाकडी होते. उद्या नाव लिहून द्यायचंय. लवकर सांगा.

काचपट्टी : फिक्स कशाने केलंत? लेन्स कोणती? लांबी किती?

गढूळपाणी : दोन कशाभिका म्हणजे क्लॅमिडोमोनास.

काचपट्टी : नाही. तो हिरवागार असतो आणि त्याच्या कशाभिका सारख्या लांबीच्या. क्रिप्टोमोनास बाजूने पाहा : पाठ फुगीर, पोट सपाट, किंचित लहानमोठ्या कशाभिका टोकाजवळच्या खाचेतून निघतात. पाणकणीस, उत्तरं द्या ना.

पाणकणीस : ४० ची लेन्स, साधारण २५ मायक्रॉन. फॉर्मलीन वापरलं.

दोनकशा : मग आकार जाणारच. या पेशीला भिंत नाही, नुसता प्रथिनांचा पेरिप्लास्ट, म्हणजे बाहेरचं आवरण. रसायन लागलं की इजेक्टोसोम, म्हणजे आत गुंडाळून ठेवलेल्या फिती, सटासट सुटतात. ल्युगोल (फिक्स करायचं आयोडीनचं द्रावण) करा : पोटॅशियम आयोडाइड १० ग्रॅम, आयोडीन ५ ग्रॅम, पाणी १०० मिली, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल १० मिली. आयोडाइड आधी थोड्या पाण्यात विरघळवा, नाहीतर आयोडीन तळाशी बसून राहतं. १०० मिली नमुन्याला १ मिली पुरे. क्रिप्टोमोनासचा स्टार्च गडद होतो, युग्लीनाचं पॅरामायलॉन (त्याचा स्टार्चसारखा साठा) रंगतच नाही. मूळ रंग मात्र आधी जिवंत पेशीत बघून घ्या, नंतर सगळंच तपकिरी दिसतं.

हरितलवक : खरी खूण न्यूक्लिओमॉर्फ! लवकाभोवती (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या रंगीत भागाभोवती) चार पडदे, आणि मधल्या जागेत गिळलेल्या लाल शैवालाच्या केंद्रकाचा अवशेष. स्टार्चही तिथेच साठतो.

काचपट्टी : ते बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्यांच्याकडे साधा आहे.

गढूळपाणी : वेग कमी करायला मिथाइल सेल्युलोज घाला.

दोनकशा : इतक्या नाजूक पेशीला नको, पोहण्याची ढबही बदलते. कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलीनचा ठिपका लावा, म्हणजे काच पेशीवर दाबत नाही. दिवा मंद ठेवा. उष्णतेनेच फुटत असतील.

पाणकणीस : दिवा कमी केला, आता टिकतायत. खाचेच्या कडेने चमकदार दाण्यांच्या रांगा आहेत.

दोनकशा : तेच मोठे इजेक्टोसोम. युग्लीना बाद. पण लगेच क्रिप्टोमोनास लिहू नका, सध्या क्रिप्टोफाइट (क्रिप्टोमोनास ज्यात येतो तो मोठा गट) एवढंच लिहा. लवकाचा रंग नि पेशीचा बाजूने काढलेला फोटो टाका, मग पुढचं बोलू.