बेळगावच्या आमच्या मंडळाची चर्चा: कोडाईकनाल वेधशाळा सहल, दिवाळीत की जानेवारीत?

खजिनदार, टिळकवाडी:
बसवाल्याला शुक्रवारपर्यंत इसार द्यायचाय. दिवाळीची सुट्टी धरून बोललोय. नंतर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" नको, बदामीच्या सहलीचं अजून ऐकतोय मी.

मास्तर, शहापूर:
दिवाळीत कोडाईला जाऊन काय ढग बघायचे? ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. बेळगावातली छत्री माळ्यावर गेली म्हणून तमिळनाडूतली जात नाही. १८९९ साली ही वेधशाळा २३४३ मीटर उंचीवर उभारली ती सूर्यासाठी. मनोऱ्यावरचे आरसे ऊन खाली वळवतात, ते जमिनीखालच्या ६० मीटर लांब बोगद्यात शिरतं आणि सूर्याची साधारण ३४ सेंटिमीटर व्यासाची प्रतिमा पडते, म्हणजे जवळपास जेवणाच्या ताटाएवढी. डाग त्यात उघड दिसतात. ढग आला की तेच ताट रिकामं. सूर्यडागातून वायू बाहेर वाहतो हे एव्हरशेड या खगोलशास्त्रज्ञानं इथेच टिपलं, तेही जानेवारीत, १९०९ मध्ये. जानेवारी धरा. मंडळाच्या लेटरहेडवर वेधशाळेला पत्रही आधी जाऊ दे.

काकू, कॅम्प:
रात्री शनी दाखवतील की नाही तेवढं सांगा. नातवंडांना कबूल करून बसलेय. कुंदा नेहमीसारखा माझ्याकडे. पण डबा ह्या वेळी मागच्या सीटवर पोरांच्या हाती देणार नाही, गेल्या खेपेला निपाणी यायच्या आत तळ दिसला होता.

मास्तर, शहापूर:
काकू, शनी वेगळा, हे दिवसाचं काम आहे. ताऱ्यांसाठी तमिळनाडूतलीच कावलूरची वेधशाळा, तिथे १९८६ पासून २.३४ मीटर आरशाची दुर्बीण आहे. ती वाटेवर नाही. एका सहलीत दोन्ही कोंबायला गेलं तर बसमध्येच दिवस जातील.

अण्णा, खानापूर:
कोडाईचं एवढं कौतुक चाललंय, पण तिथे गेलेली ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण पुण्याची होती हे कुणी बोलत नाही. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी पैसे दिले, कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. नायगमवालांनी १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये सगळं सामान कोडाईला. पुणेकरांना पाट्या लावायला वेळ आहे, दुर्बीण सांभाळायला नाही.

वैनी, वडगाव:
एवढ्या लांब कशाला? विजयदुर्गला चला की. १८६८ मध्ये लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं हेलियम तिथेच शोधला. माहेर माझं तिकडचं, त्यानं दुर्बिणी लावलेले साहेबाचे कट्टे अजून आहेत किल्ल्यावर.

मास्तर, शहापूर:
वैनी, कट्टे खरे, पण साल चुकतंय आणि हेलियमही तिथला नाही. १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर इंग्लंडात होता, विजयदुर्गला आला तो जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ मध्ये मान आपल्या बाजूला होता, जमखंडीला! युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, पटवर्धनांच्या त्या संस्थानात वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) लावून बसला होता. तारीख १८ ऑगस्ट, म्हणजे ढग आलेच. मधल्या उघडिपीत सूर्याच्या कडेवरच्या ज्वालेच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, आणि अशा ज्वाला वायूच्या असतात हे त्यातून कळलं. आभाळ भरलेलं असलं की काय हाल होतात ते एवढ्यावरून ओळखा.

वैनी, वडगाव:
बरं, साल तुमचं. पण जमखंडीला आता बघायला काय आहे? माझा किल्ला तरी आहे.

महिला विभाग:
जानेवारी परस्पर ठरवू नका. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आमचं, हॉल घेतलाय, वाण आणलंय. दर वर्षी सहल ठरली की आमचीच तारीख सरकते.

अण्णा, खानापूर:
जमखंडी एका दिवसात होते, गोकाक-मुधोळवरून. गोकाकला करदंट मिठाई घेता येईल.

खजिनदार, टिळकवाडी:
करदंट राहू दे. बसवाला जानेवारीला तयार आहे, पण संक्रांतीपर्यंत गाड्या शबरीमलाला गुंतलेल्या आहेत आणि तिकडे पोंगलची गर्दी. म्हणून २६ ला जोडून निघायचं. हळदीकुंकू त्याआधीच्या रविवारी घ्या, रथसप्तमीच्या आत बसतंय. इसार उद्या देतो. नावं माझ्याकडेच द्या, मास्तरांकडे नकोत, ते यादीऐवजी ग्रहणं लिहून ठेवतात.