मदत हवी आहे : एमटीओने पार्ट धुण्याचा ट्रे, वरून हीटर लावायचा विचार आहे. चालेल का?

हिंगणा_फिटर

शेड हिंगणा एमआयडीसीत आहे, वर पत्रा. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीला येतात, ते उघडून एमटीओमध्ये (मिनरल टर्पेंटाइन) धुतो. महिन्याला साधारण एक बॅरल लागतं, २०० लिटरचं.

ट्रे ४ बाय २ फुटांचा, त्यात ३०-४० लिटर. ब्रशने घासायचं, मग कॉम्प्रेसरच्या गनने फुंकून कोरडं करायचं. ट्रेपासून आठ फुटांवर बेंच ग्राइंडर. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर लावतो, त्याची हवा थेट ट्रेवर येते. बॅरलमधला माल नळी लावून प्लास्टिकच्या कॅनमध्ये काढतो.

प्रश्न असे :

१. थंडीत जुनं ग्रीस सुटत नाही. २ किलोवॅटचा इमर्शन हीटर टाकून ४५-५० अंशांपर्यंत गरम केलं तर चालेल?

२. रिकामं बॅरल आडवं कापून त्याचाच मोठा ट्रे करायचा आहे. आतून धुऊन घेतलं की गॅस कटर लावता येईल ना?

३. दोन हेल्परांचं दुपारनंतर डोकं धरतं, हातांना भेगा पडल्यात. मास्क कोणता द्यावा?

४. या वेळचा माल उग्र वासाचा आहे, लवकर उडतो. बॅरलवर खडूने 'एमटीओ' एवढंच लिहिलंय. माल देणारा म्हणतो, हे काही पेट्रोल नाही. ट्रेमध्ये पेटती काडी टाकून दाखवतो आणि ती विझते.

ज्वलनबिंदू

दुसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण तिथेच जीव जायचा धोका सर्वात जास्त आहे. बॅरल कापू नका. गॅस कटरने नको, ग्राइंडरनेही नको.

हिशेब बघा. एमटीओची वाफ हवेत साधारण ०.७ टक्के झाली की ते मिश्रण स्फोटाच्या टप्प्यात येतं. २०० लिटरच्या बॅरलात त्यासाठी दीड लिटरपेक्षाही कमी वाफ पुरते, आणि तेवढी वाफ जेमतेम १० मिली द्रवातून तयार होते. म्हणजे दोन चहाचे चमचे. बॅरलच्या तळाला आणि झाकणाला जी दुमडलेली घडी असते, तिच्यात यापेक्षा जास्त माल अडकून बसतो. पाण्याने धुऊन तो निघत नाही, कारण एमटीओ पाण्यात मिसळतच नाही. थंड असताना तो गप्प बसतो. कटरची ज्योत पत्र्याला लागली की घडीतला माल उकळून वाफ होतो आणि पेटवायला ज्योत तिथे हजरच असते. झाकण उडून येतं ते कापणाऱ्याच्याच अंगावर.

२ मिमी एमएस (साध्या पोलादी) पत्र्याचा ट्रे फॅब्रिकेटरकडून नवा करून घ्या.

बॅरल_ते_बाटली

बरेच जण बॅरलात काठोकाठ पाणी भरून कापतात की. पाणी असल्यावर वाफेला जागा कुठे राहते?

ज्वलनबिंदू

राहते. आडव्या बॅरलात बूच आणि घडीजवळ हवेचे कप्पे उरतात. कापायच्या रेषेच्या वर पाणी थांबत नाही, आणि पहिलं भोक पडलं की पातळी उतरायला लागते. शिवाय एमटीओची घनता ०.७८ च्या आसपास, त्यामुळे उरलेला माल पाण्यावर तरंगून नेमका त्या मोकळ्या जागेत येतो. वाफारा देऊन, आतल्या वायूची मीटरने तपासणी करून, परवाना काढून हे काम करणाऱ्या जागा आहेत. पंक्चरच्या दुकानाशेजारी करायचं हे काम नाही.

आता काडीचा खेळ. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ज्योत दाखवल्यावर पेटते ते तापमान. बाजारातल्या एमटीओचा तो साधारण ३५ ते ४२ अंशांच्या दरम्यान असतो. जानेवारीत सकाळी ट्रेमधला द्रव २० अंशांना असेल, तर वर पुरेशी वाफच नसते आणि काडी विझते. तोच ट्रे मे महिन्यात, नागपूरच्या ४५ अंशांत, पत्र्याखाली ठेवला की द्रव फ्लॅश पॉइंटच्या आसपास पोचतो. तेव्हा काडी विझेलच असं नाही. तिसरी गोष्ट, कपडा. समईतल्या तेलात काडी टाकली तर विझते, पण वात मात्र लगेच धरते. एमटीओने भिजलेली चिंधी, ब्रशचे केस, हेल्परच्या पँटचा पाय, या सगळ्या वाती आहेत. त्यांना फ्लॅश पॉइंट विचारावा लागत नाही.

गनने फुंकता तेव्हा तेच होतं. बारीक तुषार फ्लॅश पॉइंटच्या खालच्या तापमानालाही पेटतात, आणि तुमचा ग्राइंडर आठ फुटांवर आहे. फुंकणं आधी बंद करा. पार्ट तिरका ठेवून दहा मिनिटं निथळू द्या, मग कपड्याने पुसा. खोल भोकांसाठी फुंकायलाच लागलं तर बंदिस्त पेटीत, वाफ ओढणारा पंखा चालू ठेवून, हवेचा दाब २ बारच्या खाली ठेवून, आणि जवळपास ठिणगीचं काहीही नको.

अजून एक, जे सहसा कोणी सांगत नाही. बंद बॅरलात पेट्रोलची वाफ एवढी दाट असते की बहुतेक वेळा ती आतल्या आत पेटत नाही, हवा कमी पडते. एमटीओचं उलट आहे. ४० ते ६० अंशांना त्याच्या बॅरलातली मोकळी जागा बरोबर स्फोटाच्या टप्प्यात येते. म्हणजे उन्हात ठेवलेलं अर्धं रिकामं एमटीओचं बॅरल या एका बाबतीत पेट्रोलच्या बॅरलपेक्षा वाईट. १९९६ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं टीडब्ल्यूए ८०० विमान मधल्या टाकीतल्या स्फोटाने पडलं आणि २३० जण गेले. त्या इंधनाचाही किमान फ्लॅश पॉइंट ३८ अंशच. टाकीखालच्या एसी यंत्रणेने ते तापलं होतं.

वायरमन७४

हीटरचं उत्तर: नाही. कारण फक्त ४५-५० अंश हे नाही, जरी तेवढंही फ्लॅश पॉइंटच्या वर जातंच. साधा धंद्यातला नियम, काम करायचा द्रव फ्लॅश पॉइंटच्या किमान १५ अंश खाली ठेवायचा. तुम्ही त्याच्या वर न्यायला निघालात.

दुसरं, ट्रे उथळ आहे. पार्ट काढताना, उडून जाऊन, पातळी दोन इंच उतरली की एलिमेंट उघडं पडतं. उघडं पडलेलं एलिमेंट काही मिनिटांत शेकडो अंशांवर जातं, आणि एमटीओ साधारण २३० ते २६० अंशांना ठिणगीशिवाय आपोआप पेटतो. थर्मोस्टॅट द्रवाचं तापमान बघतो, हवेत आलेल्या एलिमेंटचं नाही. म्हणून थर्मोस्टॅट आहे म्हणजे झालं, असं समजू नका.

गरमच हवं असेल तर रसायन बदला. पाण्यात मिसळणारं अल्कलाइन डीग्रीझर घ्या, ५०-६० अंशांवर. तिथे हीटर बिनधास्त लावा, फक्त लो-लेव्हल कटऑफ (पातळी उतरली की हीटर बंद करणारा) आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवा. घट्ट ग्रीस आधी लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडून काढा, निम्मं काम तिथेच होतं. धुतल्यावर मात्र पार्ट लगेच कोरडे करून तेल लावा, नाहीतर गंज धरेल. ॲल्युमिनिअमची हाउसिंग असतील तर तीव्र कॉस्टिकचं डीग्रीझर नको, खाऊन टाकतं.

स्टॅटिक (घर्षणाने साचणारी स्थिर वीज) : प्लास्टिकच्या कॅनमध्ये नळीने ओतणं बंद. एमटीओ वीज वाहून नेत नाही. नळीतून वाहताना जमलेला भार प्लास्टिकमध्ये तसाच साचून राहतो. मेमधली कोरडी हवा असेल तर जास्तच. असं करा :

– धातूची २० लिटरची सेफ्टी कॅन, स्प्रिंगच्या झाकणाची आणि तोंडात जाळी असलेली.
– बॅरलवर हाताने फिरवायचा धातूचा पंप.
– बॅरल अर्थ करा. बॅरल ते कॅन जाडजूड तांब्याची वायर, दोन्ही टोकांना दातेरी क्लॅम्प. क्लॅम्प रंगावर लावू नका, खरवडून धातूवर लावा. अर्थचा रोध १० ओहमच्या आत.
– पंपाची नळी कॅनच्या तळापर्यंत. वरून धार सोडायची नाही. तोंड बुडेपर्यंत सावकाश.

कूलर तिथून उचला. तो वाफ घालवत नाही, पसरवतो. वाफ हवेपेक्षा चार-पाच पट जड असते, जमिनीलगत सरकत ग्राइंडरखाली जाते. कूलरची मोटर आणि स्विच ठिणगी देणारे आहेत, ते वेगळंच. ट्रेच्या मागच्या कडेला फटीचं हूड लावून डक्टने बाहेर ओढा, काठावर हवेचा वेग साधारण ०.५ मीटर प्रतिसेकंद मिळाला पाहिजे. मोटर डक्टच्या बाहेर आणि फ्लेमप्रूफ, ग्रुप टू-ए, टी-थ्री (हे मोटरच्या पाटीवरचे स्फोटसुरक्षेचे वर्ग). ट्रेला झाकण करा आणि ते उघडं धरणारी साखळी फ्युजिबल लिंकची ठेवा. साधारण ७४ अंशांना लिंक वितळते, झाकण आपोआप पडतं, आग गुदमरते.

कारखाना_डॉक्टर

डोकेदुखीबद्दल. एमटीओसाठी आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग वाफ) धरतात. स्फोटाचा खालचा टप्पा ७००० पीपीएम. म्हणजे गॅस मीटर 'शून्य टक्के' दाखवत असतानाही माणसासाठी हवा वाईट असू शकते. मीटर आग सांगतो, डोकेदुखी सांगत नाही. एक लिटर उडालं की हजार-तेराशे घनमीटर हवा या मर्यादेपर्यंत येते, तुमचं सबंध शेड तेवढं असेल.

कापडी मास्क किंवा एन-९५ चा वाफेवर काही उपयोग नाही, ते धुळीसाठी आहेत. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा हाफ मास्क लागतो, तपकिरी पट्ट्याचा. पण आधी हूड, मग मास्क. गुंगी, चिडचिड, विसरभोळेपणा अशी तक्रार आठवड्याच्या सुट्टीत कमी होऊन कामावर परत वाढत असेल, तर ती सॉल्व्हंटचीच समजा. वर्षानुवर्षे असं चाललं तर स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम होतो.

भेगा पडतात कारण एमटीओ कातडीतलं तेल ओढून घेतो. ०.४ मिमीचे लांब नायट्राइल हातमोजे द्या. साधे रबरी मोजे फुगतात आणि माल आत येऊ देतात. हात एमटीओने धुणं बंद, हे शेडमध्ये सगळेच करतात.

आणि तुम्ही 'नळी लावून काढतो' म्हटलंय. तोंडाने ओढत असाल तर आजच थांबवा. एक घोट पोटात जाण्यापेक्षा थोडासा फुप्फुसात जाणं घातक, रासायनिक न्यूमोनिया होतो. कोणी गिळलं तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. उलटीतच तो श्वासनलिकेत जातो. खोकला, धाप काही तासांनीही सुरू होते, म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी पाठवू नका, थेट दवाखाना. एमटीओ पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणंही बंद, कोणी पाणी समजून पितो.

हिंगणा_फिटर

हीटर आणि बॅरल दोन्ही रद्द. ओढायचं तोंडानेच होतं, पंप मागवतो. मालाची भेसळ कशी ओळखायची? आणि परवाना लागतो का, कोणी पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) नाव घेतलं.

ज्वलनबिंदू

पेसोचं मुख्यालय तुमच्याच गावात, नागपूरला आहे. पेट्रोलियम कायद्यात फ्लॅश पॉइंट २३ ते ६५ अंशांमधला माल ब वर्ग. एका जागी २५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं १००० लिटरच्या आत असेल तर साठवणुकीचा परवाना लागत नाही. तुमचं एक-दोन बॅरल त्यात बसतं. पण मालात पेट्रोल किंवा टोल्युइन मिसळून फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली गेला, की तो अ वर्ग. विक्रीसाठी नसलेल्या अ वर्गाची बिनपरवाना मर्यादा ३० लिटर. म्हणजे खडूने लिहिलेल्या बॅरलमुळे तुम्हीच बेकायदा ठरता.

ओळखायला : ब्लॉटिंग पेपरवर जुन्या, खात्रीच्या मालाचा एक थेंब आणि नव्याचा एक, शेजारी. नवा फार लवकर वाळला तर शंका घ्या. हायड्रोमीटर ०.७७-०.७९ च्या बराच वर गेला तर टोल्युइन-झायलीनसारखा थिनर आहे, कारण टोल्युइन ०.८७ ला असतं. पेट्रोल मात्र हायड्रोमीटरने पकडता येत नाही, आकडे जवळजवळ आहेत. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतल्या ॲबल टेस्टचं (फ्लॅश पॉइंट मोजायची चाचणी). काडी टाकून टेस्ट करू नका. पुढच्या बॅरलला बॅच नंबर, सीलबंद बूच, सेफ्टी डेटा शीट मागा. देत नसेल तर दुसरा बघा.

जरा जास्त पैसे चालत असतील तर ७५ अंशांच्या वर फ्लॅश पॉइंटचं डीअ‍ॅरोमॅटाइज्ड सॉल्व्हंट (उग्र वासाचे ॲरोमॅटिक घटक काढलेलं) घ्या. वास कमी, मेमध्येही ३० अंशांची मोकळीक राहते. वाळायला वेळ लागतो, एवढीच तक्रार. तुषार आणि चिंधीचा धोका मात्र त्यालाही तसाच.

बॅरल_ते_बाटली

मळका माल आणि रिकामी बॅरलं भंगारवाल्याला देऊ नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं सॉल्व्हंट २०.२ मध्ये आणि दूषित रिकामी बॅरलं ३३.१ मध्ये येतात. एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) अधिकृतता, ९० दिवसांच्या आत उचल, सोबत मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची नोंद). बॅरलं अधिकृत रिकंडिशनरकडे. तळाचा गाळ गटारात ओतला तर तो पुढच्या शेडच्या चेंबरमध्ये वाफ होऊन बसतो.

सांडलं तर भुसा टाकू नका, कोरडी वाळू. चिंध्या पायाने उघडणाऱ्या झाकणाच्या लोखंडी डब्यात, रोज संध्याकाळी रिकामा. नुसत्या एमटीओची चिंधी आपोआप तापत नाही, पण जवस तेलाचा रंग किंवा वार्निश पुसलेली चिंधी तापते आणि पेटते, ती वेगळी आणि पाण्यात बुडवून ठेवा.

वायरमन७४

आग विझवायला ९ लिटर मेकॅनिकल फोम आणि ६ किलो ड्राय पावडर, दोन्ही दाराजवळ. ट्रेच्या डोक्यावर भिंतीला टांगलेला सिलिंडर आग लागल्यावर हाती लागत नाही. पाण्याचा फवारा मारायचा नाही, माल तरंगून आग पसरते. झाकण पाडणं पहिलं, सिलिंडर नंतर. ग्राइंडर भिंतीच्या पलीकडच्या खोलीत हलवा, आठाचे पंधरा फूट करून भागणार नाही.