पावसाळ्यात तंबोऱ्याचा खर्ज बसतो: उपाय जवारीवर करावा की तबलीवर?

नमस्कार. धायरीतील माझ्या छोट्या कार्यशाळेत मी तंबोरे बनवतो. पद्धत मिरजेचीच आहे: पंढरपूर भागातला भोपळा, तुनाच्या लाकडाची दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली फळी), शिसवी घोडी (तबलीवरचा, तारा पेलणारा आधार) व तिच्यावर उंटाच्या हाडाची पट्टी. वाद्यांची जाणकारी असलेल्यांकडून एका अडचणीबाबत सल्ला हवा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत, पुण्याची हवा कोरडी असताना जवारी लावलेला (म्हणजे तार गुंजावी म्हणून पट्टीचा उतार घासून जुळवलेला) पुरुषी, म्हणजे मोठा व खालच्या सुराचा, तंबोरा तेव्हा चारही तारांवर उत्तम बोलतो. परंतु जुलैची झड लागली की पंचम आणि जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) शाबूत राहतात, खर्ज (सर्वांत खालच्या षड्जाची तार) मात्र ठस्स लागतो. तार व पट्टी यांच्यामधले सूत मागेपुढे सरकवले, पितळी तार बदलली, तरी गुंजन जेमतेम दिवसभर टिकते.

बारकाईने पाहिल्यावर असे दिसले की, पावसाळ्यात घोडीच्या खर्जाकडील पायाखालून पातळ कागद सहज सरकतो आणि उन्हाळ्यात तो तेथे अडकतो. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ वाढत नाही. तबलीच्या कडा भोपळ्याला चिकटवलेल्या असल्याने तिला बाहेर पसरायला वाव मिळत नाही व ती मध्यभागी उचलली जाते. त्यामुळे घोडीचा कल किंचित बदलत असावा. जवारीचे सारे काम तार पट्टीच्या उतारावर किती लांबवर घासत सुटते यावर अवलंबून असल्याने, केसभर फरकही खर्जाला जाणवत असणार, असे मला वाटते.

अनेक जण सांगतात की कानस घ्या आणि पट्टी पुन्हा घासा. मला हे पटत नाही. घासलेले हाड परत येत नाही, आणि ऑक्टोबरात तबली खाली बसली की तीच जवारी अति खुली होऊन तार खरखरू लागेल. दुसरीकडे, हे वाद्य ज्या विद्यार्थिनीचे आहे तिचा रियाज रोजचा आहे. तिला दिवाळीपर्यंत थांबा असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून विचारतो: घोडीचे पाय तबलीच्या पावसाळी उंचवट्याप्रमाणे बसवून घ्यावेत, की ऋतूनुसार पायाखाली पातळ कागदाची घडी देणे पुरेसे आहे? तबलीला आतल्या बाजूनेही लाखेचा हात दिल्यास दमटपणा शोषणे कमी होते का, आणि त्याने आवाज दबतो का? मिरजेतील जुने कारागीर तबलीचे लाकूड किती पावसाळे मुरवून मग वापरतात, हेही कोणी प्रत्यक्ष पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. नव्या तंबोऱ्यासाठी आणलेली फळी अजून कापलेली नाही, त्यामुळे जाडी व मुरवण याबाबतच्या सूचना लगेच उपयोगात आणता येतील.